पाण्याचे पैसे आपण आत्ताही देतोच

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी केलेलं हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची ढब शक्य तेवढी तशीच ठेवली आहे. – स्मरणिका समिती)



मला चिठ्ठीवर विषय लिहून दिला होता, 'पंचवीस वर्षांच्या आठवणी'. पण माझ्या आधी तिघांनी त्या इतक्या छान सांगितल्या, की आता मी त्याच पुन्हा सांगितल्या तर तुम्ही उठून पंगतीला बसाल. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी एकच विषय घेतो. पाणी. आणि त्यातही पाण्याचे पैसे.

कार्यक्रम आनंदाचा आहे, इथं हा विषय कशाला, असं काही जणांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसतंय. कारण सांगतो. दर घरी महिन्याला शंभर रुपये जादा घ्यायचे आणि त्यातून टाकीची सफाई, क्लोरीन, पाण्याची तपासणी आणि नालीतून गेलेला पाइप बदलणं ही कामं करायची, असा ठराव दोन वार्षिक सभांत आला आणि दोन्ही वेळा 'पुढच्या सभेत बघू' म्हणून बाजूला पडला. पुढच्या महिन्यात तो तिसऱ्यांदा येणार आहे. सभेत आपण घाईत असतो, आवाज चढतात. आज सगळं कुटुंब समोर आहे. सभेला सहसा घरातला एकच माणूस येतो, आणि बहुतेक वेळा तो पाणी भरणारा नसतो. (हशा) म्हणून आज बोलतो.

२००० साली आपली संस्था नोंदली गेली तेव्हा इथं काय होतं? आखलेले प्लॉट, बाभळी आणि एक बोअर. पहिल्या सात-आठ घरांनी त्या बोअरवर दिवस काढले. त्या काळी पाण्याबद्दल आपला एकच प्रश्न असे: आलं का? ते कसं आहे, हे विचारायची सोय नव्हती आणि ऐपतही नव्हती. आज शहराला निम्न दुधनेचं पाणी मिळतं. ब्रह्मवाकडीला धरण झालं, आपल्या तालुक्यात झालं, हे आपलं भाग्यच. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपण टीव्हीवर पाहिलंय. त्या मानानं आपण सुखी. पण 'आलं का' हा प्रश्न बराचसा सुटला तरी 'कसं आहे' हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही.

आता शंभर रुपयांकडे येतो. सभेत एक जण म्हणाले होते, 'पाण्यासाठी आम्ही जादा एक रुपया देणार नाही.' मी तेव्हा काही बोललो नाही. पण गेल्या महिन्यात सकाळच्या फिरण्यात मी एक उद्योग केला. जारवाल्याची गाडी येते, ती किती घरांपुढं थांबते ते मोजलं. आपली ४२ घरं. त्यातल्या वीस घरांत रोज वीस लिटरचा एक जार उतरतो. पंचवीस रुपये धरा. महिन्याला एका घराचे साडेसातशे. वीस घरांचे पंधरा हजार. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार रुपये! आणि ठरावातले शंभर रुपये सगळ्या ४२ घरांनी दिले तर वर्षाला होतात पन्नास हजार चारशे. म्हणजे 'पाण्याला पैसे देणार नाही' असं म्हणणारे आपण, आत्ताच साडेतीनपट देतो आहोत, आणि तेही निम्म्याच घरांतून. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे आरओ आहे. त्याचे फिल्टर बदलायला येणारा माणूस दरवेळी किती घेऊन जातो, ते तुम्हाला जास्त माहीत.

तेव्हा आपण पैसे देतच नाही, असं नाही. देतो. प्रश्न असा, की कशाचे देतो?

जार आपण घेतो कारण पाणी थंड असतं, गोड लागतं आणि दारात येतं. यात चूक काही नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा कुठं जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण थंड आणि गोड म्हणजे निर्जंतुक नव्हे. सीलबंद बाटलीवर निदान परवाना क्रमांक आणि तारीख असते. आपल्या दारातल्या त्या निळ्या किंवा पांढऱ्या जारवर काय लिहिलेलं असतं? मोबाइल नंबर. (हशा) तो जार काल कुणाच्या लग्नात होता, परवा कुठल्या दुकानात होता, धुतला तर कशानं धुतला, हे ना तुम्हाला माहीत, ना मला. जारवाला वाईट आहे असं मी म्हणत नाही, गरीब पोरगा आहे, पहाटे उठून कष्ट करतो. पण त्याच्या पाण्याबद्दल आपल्याला जे वाटतं ते निव्वळ वाटणं आहे, माहिती नाही.

आरओचं तसंच. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून एक गंमत सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत एक विक्रेता आला होता. दोन ग्लास. एकात आपलं नळाचं पाणी, एकात त्याच्या मशिनचं. दोन्हीत सळया घातल्या, वीज सोडली. आपल्या ग्लासातलं पाणी मिनिटाभरात तांबूस, मग काळपट झालं, वर फेस आला. त्याचं स्वच्छच राहिलं. बायाबापड्या घाबरल्या. 'हे आपण पितो?' अहो, ते पाण्यातलं नव्हतंच! विजेनं त्याच्याच सळईतलं लोखंड सुटून पाण्यात उतरलं. ज्या पाण्यात क्षार आहेत त्यातून वीज जाते, म्हणून तिथं हे घडतं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही, म्हणून तिथं काही होत नाही. नववीच्या पुस्तकातली गोष्ट. पण त्या संध्याकाळी सहा मशिनी विकल्या गेल्या.

दुसरं ते पेनासारखं मीटर, टीडीएसचं. ते विरघळलेले क्षार मोजतं, बस. पिण्याच्या पाण्याचं आपल्या देशाचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आता टीडीएस १५० असलेल्या पाण्यात नालीचा थेंब मिसळला तर मीटर काय दाखवेल? तेच १५०. जंतू त्याला दिसत नाहीत. उलट आपल्या बोअरचं पाणी ७०० दाखवतं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो. त्रास आहे, पण एवढ्यानं कुणी दवाखान्यात जात नाही. जे दिसतं त्यासाठी आपण हजारो मोजतो, आणि जे दिसत नाही त्यासाठी शंभर रुपये जड जातात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं होतं, की जिथं टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथं आरओची गरज नाही. एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर मोरीत जातं, आणि इकडं नळ चार दिवसांनी येतो म्हणून आपण ओरडतो.

मग खरा धोका कुठं आहे? तो दोन प्रकारचा आहे, आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. इथं जरा लक्ष द्या.

एक धोका सावकाश येणारा. बोअरच्या पाण्यातला. यवतमाळ आणि नांदेडच्या काही भागांत फ्लोराइडनं लोकांचे दात आणि हाडं खराब झाली, ते तुम्ही ऐकलं असेल. आपल्या बाजूला नायट्रेटकडे जास्त बघायला पाहिजे. शेतातला युरिया, उकिरडे, शोषखड्डे, यांतून ते झिरपत खाली जातं. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत मराठवाड्यातल्या कितीतरी विहिरींत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आहे. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला पटकन काही होत नाही, पण वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला ते घातक ठरू शकतं, रक्तातला प्राणवायू कमी होतो. आणि इथं आपल्या आजीबाईंचा उपाय उलटा पडतो. पाणी उकळलं की जंतू मरतात हे शंभर टक्के खरं. पण उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून ते थोडं वाढतंच. म्हणजे बोअरचं पाणी उकळून बाळाच्या दुधात घालणारी आई आपल्या परीनं सगळं बरोबर करत असते, फक्त तिला आकडा कुणी सांगितलेला नसतो. आपल्या बोअरचा तो आकडा किती आहे? पंचवीस वर्षांत एकदाही काढलेला नाही. मी दप्तर पाहिलंय.

दुसरा धोका अचानक येणारा, जंतूंचा. हा नळाच्या पाण्यातही येतो, आणि धरणाच्या किंवा शुद्धीकरण केंद्राच्या दोषानंच येतो असं नाही. नळ रोज चोवीस तास नसतो. पाणी सुटतं तेव्हा पाइप भरलेला असतो, त्यात दाब असतो, फट असली तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो, आणि त्याच फटीतून बाहेरचं आत येतं. बाहेर काय आहे? आपल्या सोसायटीची लाइन दोन ठिकाणी नालीच्या पोटातून गेलेली आहे. २००० सालचा लोखंडी पाइप, गंजलेला. आणि त्यात भर म्हणून आपण काय करतो? पाणी सुटायच्या आधीच थेट नळाला टिल्लू पंप लावून बसतो. तो पंप रिकाम्या पाइपातून काय ओढत असेल? कुणाचं नाव घेत नाही, पण पाणी सुटायच्या वेळेला सगळ्या गल्लीत तो आवाज येतो. (हशा) त्या पहिल्या पाच मिनिटांचं गढूळ पाणी आपण सोडून देतो, ते चांगलंच. पण साफ दिसायला लागलं म्हणजे साफ झालं, असं नाही.

आता अवघड भाग. हा धोका नक्की किती? मी छातीठोक सांगू शकत नाही. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आपल्याकडे शेवटच्या दोन ओळींत पाच घरांत कावीळ झाली होती. दोन लेकरं आठ-आठ दिवस दवाखान्यात होती. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं बाजारातली पाणीपुरी, कुणी म्हणालं लग्नातलं जेवण. खरं काय, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. ठरणं अवघडच होतं. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे आज जे लेकरू पिवळं दिसतं, त्यानं ते पाणी महिनाभरापूर्वी प्यालेलं असतं. तोवर टाकी दहा वेळा भरून रिकामी झालेली असते. तपासायचं काय? आणि मग आपण म्हणतो, 'पाण्यानंच झालं हे सिद्ध करा, मग पैसे देतो.' तसं सिद्ध होत नसतं. निदान वेळेवर तर होत नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात काय झालं ते आठवा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात लोकांच्या हातापायांतली शक्ती जायला लागली. जीबीएस, गुलेन-बॅरी. दोनशेहून जास्त रुग्ण झाले, काही दगावले. आपल्यातल्या किती तरी घरांची पोरं तिकडं नोकरीला, शिकायला आहेत. त्या आठवड्यात आपले फोन कसे चालू होते, ते मला माहीत आहे. आधी अफवा उठली चिकनची. लोकांनी चिकन सोडलं. मग काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि सगळं लक्ष पाण्याकडं वळलं. विहीर तपासली, टँकर तपासले, खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, तर काही प्रकल्पांचं पाणी पिण्यालायक नव्हतं. म्हणजे लोक विश्वासानं विकत घेत होते, तेच. आणि तरीसुद्धा अमुक एका माणसाला अमुक एका ग्लासातून आजार झाला, असं आजही कुणी सांगू शकणार नाही.

आणखी एक उदाहरण देतो. लांबचं आहे, पण वर्ष आपलंच आहे. २००० सालचा मे महिना. कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं गाव, वस्ती पाच हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या सेलूपेक्षा पुष्कळ लहान. जोराचा पाऊस झाला, शेणखत वाहत जाऊन एका उथळ विहिरीत उतरलं. त्या विहिरीचं पाणी गावाला जात होतं. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. श्रीमंत देश. पण क्लोरीन ठरल्यापेक्षा कमी टाकायचा आणि वहीत मात्र नेहमीचाच आकडा लिहायचा, अशी सवय वर्षानुवर्षं पडली होती. वर्षानुवर्षं काही झालंही नव्हतं! हे मी मुद्दाम सांगतोय. 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य त्या गावातही मे महिन्याच्या आदल्या दिवसापर्यंत खरंच होतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा पडला, ते मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या बोअरभोवती चार दिवस पाणी साचलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सर घाबरवतात. घाबरवत नाही. धोका नक्की माहीत नसताना पैसे देणं आपल्याला नवीन नाही, एवढंच म्हणायचंय. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांची शेती आहे. कपाशीवर बोंडअळी येणारच हे कुठं माहीत असतं? तरी कामगंध सापळे लावता की नाही? पीक विमा भरता तेव्हा पाऊस दगा देणार हे ठरलेलं असतं का? मोटारसायकलचा विमा तर वर्षानुवर्षं वायाच जातो, आणि वाया गेला म्हणून आपण देवाचे आभार मानतो. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण उलटा हिशेब लावतो.

याचं कारण लोक अडाणी आहेत असं नाही. माझं मत असं, की लोकांना त्यांच्या स्वतःच्या पाण्याचा आकडा कुणी दाखवतच नाही. पेपरात येतं 'मराठवाड्यात इतकी गावं दूषित'. ते दुसऱ्याचं वाटतं. याच्यावर एक चांगला अभ्यास झालाय, आपल्याच देशात, दिल्लीजवळ गुरगावला. ज्योत्स्ना जालान आणि ई. सोमनाथन या अर्थतज्ज्ञांनी केला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही घरांचं पाणी तपासून त्या घरांना निकाल सांगितला, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. जी घरं आधी पाणी शुद्ध करत नव्हती आणि ज्यांना 'तुमचं पाणी दूषित असण्याची शक्यता आहे' असं सांगितलं, त्यांच्यात पुढच्या आठ आठवड्यांत पाणी शुद्ध करायला लागलेल्यांचं प्रमाण न सांगितलेल्यांपेक्षा ११ टक्केबिंदूंनी जास्त निघालं. साधी एक चिठ्ठी. बांगलादेशात तर याहून मोठं झालं. तिथं कूपनलिकांत आर्सेनिक निघालं, तेव्हा पंप रंगवले: धोक्याचा तो लाल, चांगला तो हिरवा. एका भागातल्या पाहणीत, आपला पंप लाल आहे असं कळलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक वर्षभरात दुसऱ्या पंपावर जायला लागले होते. रोज चालत जाऊन, बरं का. अंतर हीसुद्धा किंमतच आहे, आणि ती बायकांनी मोजली.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. झांबिया देशात लुसाका शहरात घरोघरी जाऊन क्लोरीनच्या बाटल्या विकून पाहिल्या, कुणाला स्वस्त, कुणाला थोड्या महाग. भाव थोडा वाढला की घेणारे झपाट्यानं कमी झाले. म्हणजे ज्याचा फायदा दिसत नाही त्याला थोडी किंमतसुद्धा जड जाते. हे तिथलं, इथलं, सगळीकडचं सारखंच. म्हणून घरोघरी 'ज्याला पाहिजे त्यानं मेडिक्लोर आणावं' असं सोडून दिलं, तर दहा घरं आणतील, बत्तीस विसरतील. टाकीत एकदाच टाकलेला क्लोरीन मात्र विसरणाऱ्याच्याही नळाला येतो.

तो खर्च ऐका. तेहतीस टक्के क्लोरीनची चांगली ब्लिचिंग पावडर असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम, असा साधा हिशेब आहे. आपली टाकी तीस हजार लिटरची. म्हणजे एका भरणीला दीडशे ग्रॅम. बादलीत कालवायची, निवळ द्यायची, वरचं पाणी टाकीत घालायचं, अर्धा तास थांबायचं. आजच्या भावानं दहा रुपयांच्या आत. ४२ घरांत वाटले तर घरटी पंचवीस पैसेही येत नाहीत. एकच काळजी, पावडरचं पोतं उघडं ठेवायचं नाही, नाहीतर क्लोरीन उडून जातो आणि खाली उरतो नुसता चुना. आपल्या पंपघरात आत्ता पडलेलं पोतं मी हुंगून पाहिलं. चुना आहे. (हशा)

वास येतो, ही तक्रार खरी आहे. चहाला चव येत नाही म्हणे. पाणी माठात भरून रात्रभर ठेवलं की वास बराच कमी होतो. पण नळाच्या तोंडाशी थोडा वास येतोय, याचा अर्थ पहारेकरी जागा आहे.

आता विश्वासाबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तिथं आहे. पाण्याला पैसे म्हटलं की आपल्या मराठवाड्यात लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला इतिहास आहे. लातूरला पाणीपुरवठ्याचं काम खासगी कंपनीकडं दिलं होतं, मीटरवरून केवढा विरोध झाला. छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, 'समांतर'चं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. करार झाला, २०१६ मध्ये रद्द झाला, लोक पाण्याची वाटच बघत राहिले. तिथं लोक पैसे द्यायला तयार नव्हते असं मी म्हणणार नाही. 'आधी पाणी दाखवा, मग बिल दाखवा' असं ते म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. याच्या उलट कराडजवळ मलकापूर आहे. लहानसं गाव. तिथं मीटर लागले, चोवीस तास पाणी आलं, आणि लोक बिलं भरतात. माणसं तीच, मराठीच. फरक एवढाच, की दिलेल्या पैशाचं काय झालं ते नळ उघडला की दिसतं.

शिवाय आपल्याकडं पाणी विकणं हे पापच समजलं गेलंय. आपण उन्हाळ्यात पाणपोया घालणारी माणसं. स्टेशनवर, बाजारात, रांजणाला ओलं फडकं गुंडाळून पाणी पाजणारी. ती भावना मला सोडायची नाही. पण पाणपोईवालासुद्धा रांजण रोज घासायचा, आणि त्या कामाला माणूस ठेवून त्याचा पगार कुणीतरी द्यायचंच. ठरावातले पैसे पाण्याचे नाहीत, ते रांजण घासायचे आहेत.

तिसरा आक्षेप: 'माझ्या घरी आरओ आहे, मी का द्यावे?' तुमच्या घरी आरओ आहे तो स्वयंपाकघरात एका नळाला. भाजी धुता ती कुठल्या पाण्यानं? लेकरू दात घासताना कुठलं पाणी गिळतं? धुणं-भांड्याला येणारी मावशी तहान लागली की मोरीच्याच नळाला ओंजळ लावते. लाइट गेली की मशिन बंद. आणि हे कमी लोकांना माहीत आहे, की आरओ पाण्यातला क्लोरीनही काढून टाकतं, म्हणून ते पाणी भांड्यात साठवलं आणि त्यात खरकटा पेला बुडाला, तर त्याला राखण काहीच नाही.

चौथा आक्षेप कुणी उघड बोललं नाही, पण मला कळतो. शंभर रुपये प्रत्येकाला सारखे नाहीत. आपल्यात नुसत्या कुटुंब-निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या दोन-तीन ताई आहेत, भाडेकरू आहेत. त्यांच्यासाठी संचालक मंडळानं सवलत ठेवावी, नाव न घेता, हे मी लेखी दिलं आहे. उरलेल्यांनी पाच-सात रुपये जास्त सोसले तर भागतं. ज्या घरांत रोज जार उतरतो त्यांच्याकडून एवढी अपेक्षा करायला मला संकोच वाटत नाही.

आणि एक अट माझीही आहे. सभेत मी ठरावाच्या बाजूनं बोलेन, पण वसुलीच्या आधी तपासणी. आधी निकाल फळ्यावर, मग पावती. निकाल चांगला आला तरी फळ्यावर, वाईट आला तर मोठ्या अक्षरात फळ्यावर. 'बाहेर कळलं तर प्लॉटचे भाव पडतील' असं एक जण म्हणाले. पडू द्यात. खेड्यात ग्रामपंचायतीच्या पाण्याचं वर्षातून दोनदा सर्वेक्षण होऊन लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं आणि ते गावात सगळ्यांना माहीत असतं. आपण शहरातले, शिकलेले, आणि आपल्याला आपल्या पाण्याचा रंग माहीत नाही.

एकदाच तपासून मात्र उपयोग नाही. जंतूंचा निकाल त्या दिवसापुरता, त्या बाटलीपुरता असतो. फट आज कोरडी असेल, पावसात ओली होईल. म्हणून वर्षातून दोनदा: मेअखेरीला, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा, आणि जुलैत, पहिले मोठे पाऊस झाल्यावर. बोअरचं नायट्रेट, फ्लोराइड वर्षातून एकदा पुरे. त्यातला आकडा ४५ च्या वर निघाला तर बोअरची लाइन टाकीपासून तोडायची, ते पाणी झाडांना आणि संडासाला, बस. त्यासाठी कुठलं मशिन नको, एक व्हॉल्व्ह पुरे.

पहिल्या तपासणीपुरता खर्च कुणाकडून मागायचा नाही, तो रौप्यमहोत्सवी निधीतून करायला अध्यक्षांनी आत्ताच खाली बसल्या बसल्या मान हलवली आहे, तुम्ही सगळे साक्षीदार आहात. (टाळ्या) मेची वाट पाहायची नाही. नमुने या सोमवारी सकाळी घ्यायचे आहेत. टाकीतून नाही, घरांतल्या नळांतून: एक लाइनीच्या सुरुवातीचं घर, एक मधलं आणि एक अगदी शेवटचं, आणि चौथा बोअरचा. जंतूंच्या तपासणीच्या बाटल्या प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणाव्या लागतात, घरची सरबताची बाटली चालत नाही. बाटलीच्या आत बोट लावायचं नाही, आत जी पांढरी पूड असेल ती धुवायची नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी परभणीला पोचला पाहिजे. सकाळच्या गाडीनं मी आणि आपले सचिव जातो आहोत. शेवटच्या ओळीतल्या कुणाच्या नळाचं पाणी घ्यायचं, ते मला आज जेवण झाल्यावर सांगा. शक्यतो ज्या घरात लहान लेकरू आहे, तेच द्या. आणि सोमवारी सकाळी सहा ते आठ त्या ओळीत कुणीही टिल्लू लावू नये, एवढी हात जोडून विनंती.